रायत्याचा टप्पा

"माझा पोरगा रोज येतो ना रे इथवर?" धाकूने रायत्याच्या होडीवाल्याला मोठ्या तोऱ्यात विचारलं.

होडीवाला विश्राम चिलीम भरत होता. "कोण, गुणाजी? दिवाळी झाल्यापासून त्याचं तोंड बघितलं नाय मी."

धाकू मागे वळला. मागे त्याची सून तुळसा उभी होती, आणि तिला त्या क्षणी नदीत उडी घ्यावीशी वाटत होती.

आगगाडी टपाल कल्याणला टाकून जायची. तिथून पुढे मुरबाडच्या अंगाला ते माणसांच्या पायांनीच जायचं. कल्याण ते रायत्याची नदी हा पहिला टप्पा धाकूने उभी हयात पळून काढला होता. आता त्याचे गुडघे साथ देईनात. डाकवाल्याची घुंगुरकाठी लेकाच्या हाती जायची तर आज लेकाने थैली वेळेत आणून दाखवायला हवी होती. नाहीतर काठी दुसऱ्याच्या घरी जाणार. टपालाचे तपासनीस हरिहरपंत घड्याळ हातात धरून वडाखाली बसलेच होते.

"रोज पहाटे घरातून निघतो, तो जातो कुठं?" धाकूने विचारलं.

तुळसाने पदर सारखा केला. आता खोटं बोलून भागणार नव्हतं. "टेकडीवर, मामंजी. आपल्या म्हारळच्या मागे."

"टेकडीवर काय माकडांना टपाल वाटतो?"

"चढ धावतात. जीव खाऊन धावतात. चालत खाली येतात, परत धावतात. उन्हं वर आली की पुरे. आणि दुसऱ्या दिवशी नुसता आराम."

"आराम!" धाकूला तो शब्दच तिखट लागला. "मी काय सांगितलेलं? सकाळी सगळा टप्पा, संध्याकाळी सगळा टप्पा. असे पाय तयार होतात!"

"तसंच केलं होतं की आधी. पिंढऱ्या कशा सुजल्या, बघितलंत ना? भिंत धरून उठत होते." तुळसा आता थांबणार नव्हती. "आमच्या बाबांकडे शर्यतीचा बैल हाय. त्याला कुणी रोज भिवंडी दाखवून आणत नाय. थोडकंच पळवायचं, पण असं की तोंडाला फेस यावा. मग पाण्यात उभा करायचा, खुराक द्यायचा, निजू द्यायचा. मीच म्हटलं यांना, तुम्ही तसं करा."

"म्हणजे माझ्या पोराचा तू बैल केलास!"

"तो लग्नातच झालेला, धाकूदादा," विश्राम म्हणाला.

धाकू हसला नाही. "आज तो वाटेत बसला ना, तर काठी गेली. आणि ती कुणाच्या माहेरच्या बैलापायी गेली, हे मी साऱ्या गावाला सांगेन."

तुळसाने कांबे गावाकडून येणाऱ्या रस्त्याकडे मान वळवली. घरी बोलताना सगळं सोपं वाटलं होतं. इथे उभं राहून पाहिलं तर रस्ता संपतच नव्हता. बैल बिचारा शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो, टपाल कुठे नेतो? महिनाभर नवऱ्याने हा रस्ता एकदाही सबंध पळून पाहिला नव्हता. कांब्यापाशी पाय गळाले तर? आजवर कधी न केलेले नवस तिने एका दमात बोलून टाकले.

तेवढ्यात कांब्याच्या बाजूने घुंगरं वाजली.

विश्रामने सवयीने चिलीम पेटवली. घुंगरं ऐकू आली की चिलीम पेटवायची, निवांत ओढून संपवायची आणि मग होडी सोडायची, हा त्याचा वर्षानुवर्षांचा हिशेब. चिलीम आणि धाकू बरोबर एकाच वेळी संपायचे. आज त्याने पहिला झुरका घेतला, तोंडातला धूर अजून तोंडातच होता, आणि गुणाजी धाडधाड घाट उतरून समोर उभा राहिला. कपाळावरून घाम निथळत होता, डोळे मात्र हसत होते.

"अरे, होडी सोड!" हरिहरपंत ओरडले. "टपाल आलं आणि होडी खुंटाला!"

विश्रामने घाईघाईने गाठीला हात घातला तशी चिलीम पाण्यात पडली. तो चिलमीला शिव्या देत होता की गुणाजीला, ते कळलं नाही. थैली होडीत गेली. हरिहरपंतांनी घड्याळात पाहिलं, मग ते कानाला लावून चालू आहे याची खात्री करून घेतली.

"काठी तुमच्याच घरात राहिली, धाकू," ते म्हणाले.

तुळसाचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच एका दगडावर बसली. किती दिवसांनी तिने पोटभर श्वास घेतला. धाकू मान खाली घालून लेकाच्या पिंढऱ्या चाचपत होता. कुठेच सूज नव्हती. त्याने दोनदा चाचपून पाहिलं.

हरिहरपंत अजून गुणाजीकडेच बघत होते. "फारसा दमलेला दिसत नाहीस. इथून आणखी पुढे, गोवेलीपर्यंत गेला असतास का रे?"

गुणाजीची छाती फुगली. त्याने तोंड उघडलंही. धाकूने पटकन त्याची मानगूट धरली आणि कानाशी तोंड नेलं.

"धापा टाक, गाढवा. नायतर आजच टप्पा वाढवतील."