दाराकडे तोंड असलेली खुर्ची

"तिथं नको बसूस," मिस्टर लाउ स्वयंपाकघरातून म्हणाले.

अरुणानं खुर्ची पुन्हा टेबलाखाली सरकवली. दाराकडे तोंड असलेल्या त्या खुर्चीत या घरात कधी कुणी बसत नसे. स्वतः मिस्टर लाउसुद्धा नाही. तिच्यात बसलं की पाठ धरते, असं ते सांगत.

टीव्हीवर बीजिंग ऑलिंपिकचं नवं स्टेडियम दाखवत होते. त्यांनी हात पुसत येऊन टीव्ही बंद केला आणि परत माशाकडे गेले.

आज त्यांचा भाऊ जेवायला येणार होता. चाळीस वर्षांनी. मुलाच्या ग्रॅज्युएशनसाठी तो ग्वांगझूहून आला होता, आणि त्या मुलानंच खटपट करून काकांचं लंडनच्या ईलिंगमधलं घर शोधून काढलं होतं. पुतण्याचा पहिला फोन मिस्टर लाउंनी कापला. पुढच्या वेळी अरुणा शेजारी उभी राहिली आणि तिनं त्यांना बोलायला लावलं.

"दुसऱ्यांच्या घरातली भांडणं मिटवायची तुला हौसच फार," तिचा नवरा श्रीनिवास ब्रॅकनेलच्या ऑफिसातून फोनवर म्हणाला. "वीकेंडला माझ्या आईला फोन करायचा म्हटलं की मात्र तुझं डोकं दुखतं."

ते काही खोटं नव्हतं. पण शेजारचा हा एकटा माणूस तिच्या मुलांचा आजोबाच झाला होता. हॉस्पिटलातली शिफ्ट लांबली की अनय आणि आर्या त्यांच्याकडेच जेवत. तिथली रीतही मुलांनी उचलली होती: धाकट्यानं आधी मोठ्याला नात्यानं हाक मारायची, 'सिक फान' म्हणायचं, म्हणजे जेवा. मोठ्यानं चॉपस्टिक्स उचलेपर्यंत हात मांडीवर. आर्या आता घरी वरणभातासमोरसुद्धा तशीच बसे आणि भावाला म्हणे, "दाइ लो, सिक फान." दाइ लो म्हणजे दादा.

"आई, आर्या मला फक्त चायनीजमध्ये रिस्पेक्ट देते," अनयची तक्रार असे.

भावाची गोष्ट मिस्टर लाउंनी तिला तुकड्यातुकड्यानं सांगितली होती. वडील शाळामास्तर. दोन्ही मुलांना ते ब्रशनं अक्षरं काढायला बसवत आणि चांगलं असेल ते भिंतीवर लावत. भिंतीवर कायम थोरल्याचं अक्षर. धाकटा रात्री झोपेचं सोंग घेऊन त्या भिंतीकडे बघत पडे.

मग सांस्कृतिक क्रांतीचं वारं सुटलं. घरात जुनी पुस्तकं निघाली म्हणून मास्तर गुन्हेगार ठरले. भर चौकात त्यांना गळ्यात पाटी अडकवून गुडघ्यांवर बसवलं, आणि धाकट्यानं माईकवर येऊन सांगितलं, हा माझा बाप नाही. पुस्तकं लपवायला थोरल्यानं मदत केली, हेही सांगितलं. कुणी विचारलं नसताना. वडिलांचा चष्मा खाली पडला होता, तो त्यानं पायानं बाजूला सारला.

"चष्म्याला वजन नसतंच म्हण ना," मिस्टर लाउ म्हणाले होते. "तरी पायाला लागतो."

एवढं बारीक त्यांनी गर्दीतून पाहिलं असेल, या विचारानं अरुणाला गलबलून आलं होतं.

वडील वर्षभरात गेले. थोरल्याला डोंगरात दगड फोडायला पाठवलं. नंतरचं सगळं मिस्टर लाउ घाईनं उरकत: समुद्र पोहून हाँगकाँग, तिथून लंडन, सोहोमधल्या रेस्टॉरंटांची स्वयंपाकघरं. गोष्टीत ते कधी 'मी' म्हणत नसत. थोरला आणि धाकटा, एवढंच. फार सोसलेली माणसं स्वतःला अशी परकी करून बोलतात, हे तिनं पेशंटमध्ये पाहिलं होतं.

"आज तो माफी मागेल?" टेबलावर वाट्या मांडता मांडता तिनं विचारलं.

"आमच्यात माफी मागत नाहीत. धाकटा थोरल्याला जेवायला बोलावतो."

"आणि मग?"

"थोरल्यानं चॉपस्टिक्स उचलल्या तर मिटलं." त्यांनी माशावर आलं पसरलं. "नाही उचलल्या, तर या जन्मात नाही. तू थांब, अरुणा. मला एकट्याला नाही जमायचं."

बेल वाजली. पुतण्या वडिलांना दारात सोडून मुद्दामच निघून गेला. पाहुणा काठी टेकत आत आला. धाकटा असून तो मिस्टर लाउंपेक्षा कितीतरी थकलेला दिसत होता. तिकडच्या हालांनी झालं असेल, असं अरुणाला वाटलं. तिनं हात पुढे केला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती.

भावांनी एकमेकांना हातसुद्धा लावला नाही. मिस्टर लाउ एप्रनसकट भिंतीला टेकून उभे होते. पाहुण्यानं खोलीभर नजर फिरवली आणि कुणी न सांगताच तो दाराकडे तोंड असलेल्या खुर्चीत जाऊन बसला. अरुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरधनी उभा, आणि हा बसून मोकळा.

मासा आला, भात आला. माशाची वाफ हळूहळू विरली. चॉपस्टिक्सना कुणी हात लावला नाही.

अरुणा पाहुण्याकडे टक लावून बघत राहिली. दोनच तर शब्द आहेत, बाबा, म्हणून टाक. तिच्या आर्याला जमतात ते. पण तो ओठ मिटून बसला होता आणि समोरच्या भिंतीकडे बघत होता. त्याला बोलायचंच नव्हतं. आपण उगाच या भल्या माणसाच्या जखमेवरची खपली काढली, असं तिला वाटलं आणि रडू येईल की काय अशी भीती वाटली.

मिस्टर लाउंनी एप्रन सोडला. त्याची घडी घातली. मग आर्या बसते तसे ते मांडीवर हात ठेवून बसले आणि खुर्चीतल्या माणसासमोर त्यांनी मान खाली घातली.

"दाइ लो," ते म्हणाले, "सिक फान."

बऱ्याच वेळानं, सरळ न होणाऱ्या त्या बोटांनी, चॉपस्टिक्स उचलल्या गेल्या.