शिबिरातलं श्रवणयंत्र

"अहो, आपल्या प्रल्हादला पोलिसांनी उचललं!" शालनकाकूंनी तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं.

शेंगा सोलता सोलता अण्णा हसले. "नुसते ओठ काय हलवतेस? बोल की!"

साहेबांच्या शिबिरात फुकट मिळालेलं ते श्रवणयंत्र तसं गुणी होतं. चार घरं पलीकडची शिंकसुद्धा अण्णांना ऐकवायचं. फक्त साहेबांच्या राज्याला बट्टा लावणारं वाक्य तेवढं गाळायचं. ते काढलं, तर अण्णा ठार बहिरे. लिहून दाखवावं, तर मोतीबिंदूमुळे अक्षर लागायचं नाही. प्रल्हादनं भर सभेत नळाला गढूळ पाणी का येतं, एवढंच विचारलं होतं. साहेब अण्णांच्याच हाताखाली शिकलेले; मास्तरांनी जाऊन शब्द टाकला असता, तर पोरगा कदाचित सुटला असता.

शेवटी काकूंनी डोळे पुसले आणि यंत्राला रुचेल असं बोलून पाहिलं. "साहेबांची कृपा हो! आपल्या प्रल्हादला सरकारी गाडी पाठवून नेलं."

शब्द न् शब्द पोचला. अण्णांचा चेहरा उजळला. "पोरानं नाव काढलं! मग रडतेस काय, वेडे?" त्यांनी टोपी चढवली. "आलोच, साहेबांचे आभार मानून."

"अहो, मारतायत हो त्याला!" काकू मागून किंचाळल्या.

अण्णा झपाझप कोपऱ्यापर्यंत पोचलेसुद्धा.