उतरता षड्ज

"हे बघ आई, मैफल संपेपर्यंत तुझा षड्ज किती उतरतो!" आईच्या मैफलीची कॅसेट वाजवून लॅपटॉपवर काढलेली घसरती रेघ दाखवत सुमेध उत्साहाने म्हणाला. "कानाला कळत नाही, गणिताला कळतं."

जन्मभर गात आलेल्या आईने दुसऱ्याच दिवशी तानपुऱ्यावर खोळ चढवली आणि मैफली कायमच्या बंद केल्या.

वर्षभराने, प्रबंधासाठी तीच कॅसेट पुन्हा तपासताना त्याने साथीच्या पेटीचे सूर वेगळे काढून मोजले. तेही तेवढेच उतरत होते. गळा थकतो, पण पेटीचा सूर भर मैफलीत उतरत नाही. मंदावत गेला होता तो कॅसेट प्लेअरचा सैल पट्टा, म्हणून सगळेच सूर उतरलेले दिसत होते.

लॅपटॉप काखोटीला मारून तो धावतच आईकडे गेला. "आई, चूक माझी होती. तू सुरातच होतीस गं!" खोळ काढून त्याने तानपुरा जुळवला.

बऱ्याच विनवण्यांनंतर आईने षड्ज लावला. स्वच्छ, भरीव. पण मध्येच ती थांबली आणि त्याच्या लॅपटॉपकडे बघत घाबऱ्या आवाजात म्हणाली, "त्यात बघून सांग ना, लागलाय का रे?"