पेन्सिलीचे ठोके

व्हर्नची नजर अधू झाल्याचं फक्त रोंडाला ठाऊक होतं. मैदानावरच्या रेडिओच्या खोलीत ती त्याच्या शेजारी बसायची. बेसबॉलचा चेंडू झेलला गेला तर टेबलावर पेन्सिलीचा एक ठोका, मैदानाच्या भिंतीपार गेला तर दोन. त्यावरून व्हर्न गावाला सामना रंगवून सांगायचा. काल तिनं स्वतः बोलायला माइक मागितला, तेव्हा तो रेडिओच्या साहेबांना म्हणाला, “ती नुसते आकडे लिहिते.” आज तिची पेन्सिल हवेतच थांबली. “उंच उडालाय चेंडू... मागे... आणखी मागे...” माइकवर बोलता बोलता, प्रेक्षकांच्या गलक्यात व्हर्नची बोटं टेबल चाचपू लागली. त्यानं माइक बंद करणारं बटण दाबलं. “ठोक की गं, बये!” “थांबा, आकडे लिहितेय.” घाम पुसून व्हर्ननं बटण सोडलं, माइक तिच्यासमोर सरकवला. “मंडळी, मला दिसत नाही. रोंडा सांगेल.” रोंडा माइककडे वाकली. पण शब्दांआधी पेन्सिलच सवयीनं दोनदा वाजली. साऱ्या गावानं ऐकलं.