विद्यापीठाचा माणूस

"आधी एक सांगा, बाई. नुसतं डॉक्टरांना दाखवायचे किती पडतील?"

व्हर्ना स्टिडमनं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि मनातल्या मनात टाळी वाजवली. आला एकदाचा!

फेब्रुवारीत विद्यापीठातून डॉ. लिंडक्विस्ट नावाची तरुण बाई येऊन गेली होती. केंटकीच्या डोंगरातले दवाखाने कसे चालतात, यावर तिचं संशोधन होतं. गरिबाला डॉक्टर किती लवकर भेटतो, खर्च किती येतो, उपचार धड होतात की नाही. "मे संपायच्या आत आमचा एक माणूस रुग्ण बनून येईल," ती म्हणाली होती. "कोण, कधी, ते मात्र विचारू नका." तिच्या अहवालावर दवाखान्याचं अनुदान अवलंबून होतं. ते गेलं की दरवाजाला कुलूप, आणि दरीतल्या आजाऱ्यांनी डॉक्टरसाठी शहर गाठायचं.

म्हाताऱ्या डॉ. टॅकेटची झोप उडाली होती. व्हर्नाची नाही. दवाखान्याच्या नावनोंदणीच्या खिडकीत बसून तिचे केस पिकले होते. दरीतलं एकूण एक तोंड तिला ठाऊक होतं. "माझ्या डोळ्यांत धूळ फेकणारा अजून जन्माला यायचाय, डॉक्टर," ती म्हणाली होती. तरी खबरदारी म्हणून तेव्हापासून ती प्रत्येक अनोळखी माणसाशी गोड बोलायला लागली होती. न जाणो, तोच निघायचा.

आणि आज, मे सरता सरता, हा उभा होता. चेहरा कधी न पाहिलेला. राहणार डोंगरापलीकडच्या केनी क्रीकचा म्हणे. तिथला पूल वाहून गेल्यापासून तिकडून कुणी इकडे फिरकत नसे. डोक्यावर खाणकामगाराची मळकी टोपी, पायांत मात्र चकचकीत काळे बूट. विद्यापीठवाले इथेच फसले, व्हर्नाला वाटलं. शिवाय प्रश्न तरी कसले! किती पडतील? आज भेटतील का? तपासणीचे वेगळे का? अगदी लिंडक्विस्टबाईंच्या तोंडचे.

"नाव?"

"एस्टिल नेपियर."

"काय होतंय?"

"छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. चढ चढलो की डाव्या हातात कळ येते. घाम फुटतो." पाठ केलेला धडा म्हणावा तसं त्यानं सांगितलं.

एरवीची व्हर्ना असती तर तिनं पुढची रिकामी तारीख हातावर ठेवली असती. मधे घुसणाऱ्याची डाळ तिच्यापुढे कधी शिजली नव्हती, आणि त्याचा तिला अभिमान होता.

"आज कशाला, आत्ताच भेटतील की!" ती म्हणाली. "बसा, पाणी घ्या. पैशांचं आपण बघू."

"आत्ता?" तो बसलाच नाही. "माझ्या बायकोनं थंडीच्या आधी इथंच फोन केला होता. तिलाही हेच व्हायचं. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली." त्यानं टोपी काढून हातात धरली. "ती तेवढी थांबली नाही."

त्याचे डोळे भरून आले. व्हर्ना थक्कच झाली. खरंखुरं पाणी! विद्यापीठवाल्यांनी नट बाकी पारखून निवडला होता.

"अरेरे," ती प्रसंगाला शोभेलसं म्हणाली आणि आत जाऊन डॉक्टरांच्या कानाला लागली. "विद्यापीठाचा माणूस आलाय. छातीचं दुखणं घेऊन. काही म्हणता काही कमी पडू देऊ नका."

डॉक्टरांनी पडू दिलं नाही. ईसीजी काढला, रक्त घेतलं, शेजारी बसून सगळी विचारपूस केली. बाहेर आले ते आठ्या घालूनच.

"व्हर्ना, तो कुणाचाही माणूस असो, ईसीजी चांगला नाही गं. शहरातल्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लाव. आजच्या आज जागा पाहिजे म्हणावं."

"लावते की," म्हणत व्हर्नानं डोळा मारला. म्हातारबुवाही सोंगात रंगले होते.

मग तीही मागे हटली नाही. फोनवर मोठ्या इस्पितळाशी भांडली, खाट मिळवली, गरिबांच्या निधीतून खर्चाची सोय लावली, गाडीसुद्धा मागवली. इतकं चोख काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं.

गाडी आली तेव्हा तो खिडकीशी थांबला. "तुमचे उपकार कसे फेडू, बाई?"

व्हर्नानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अहो, मी तुम्हाला दारातच ओळखलं होतं. पण सोंग झकास वठवलंत हां! आणि ती बायकोची गोष्ट... ती तर फारच छान जमली."

एस्टिल नेपियर तिच्याकडे बघत राहिला. टोपी डोक्यावर ठेवून तो हळूहळू गाडीकडे गेला.

बरोबरच आहे, व्हर्ना मनाशी म्हणाली. कबूल करायची परवानगी नसणार बिचाऱ्याला.

पुढच्याच आठवड्यात डॉ. लिंडक्विस्ट हसतच आली. "डोंगरातल्या सगळ्या दवाखान्यांत तुम्ही पहिले! लोकांना तारखा लवकर मिळतायत, वेळेवर उपचार होतायत, इस्पितळाचा खर्चही उतरलाय. अनुदानाची काळजी सोडा."

डॉ. टॅकेट खुशीत पुढच्या रुग्णाकडे गेले. व्हर्नानं घरून आणलेला सफरचंदाचा केक कापला. आज तिचा दिवस होता.

"तुमचा माणूस मी पहिल्या प्रश्नालाच ओळखला बरं का," ती म्हणाली. "पण मला एक सांगा, त्याच्या मेलेल्या बायकोची गोष्ट कुणी लिहिली? फोन, तारीख, सगळं कसं जिथल्या तिथे! त्या माणसाची पाठ थोपटायचीय मला."

"कुठली बायको?"

"पुरे आता! नेपियरची हो."

डॉ. लिंडक्विस्टनं केकची बशी खाली ठेवली. "रागावू नका, व्हर्नाबाई, पण आता सांगायला हरकत नाही. कुणीतरी तपासायला येणार, एवढ्या नुसत्या धाकानं दवाखाना किती सुधारतो, तेच आम्हाला बघायचं होतं," ती हसत म्हणाली. "आम्ही कुठेच कुणाला पाठवलं नाही."