पेगीमावशीची चाल

पेगीमावशी लेकरांना निजवताना एक जुनं गाणं म्हणायची. चाल फार गोड. विशीत असताना मी त्याच चालीवर पाद्रीबुवांची स्वयंपाकीण आणि तिचा वाऱ्याने उडालेला परकर असं एक चावट गाणं रचलं. पबमध्ये टेबलं बडवून बडवून ते इतकं म्हटलं गेलं, की सगळ्या गावाला तोंडपाठ झालं.

काल मावशी गेली. आज दुपारी तिच्या पुढच्या खोलीत आम्ही शवपेटीभोवती बसलो. चहा झाला, व्हिस्की झाली, मग रीतीप्रमाणे एकेकाने गाणं म्हटलं. शेवटी तिची लेक ग्रान्या उठली. आईचंच गाणं म्हणणार होती.

तिने डोळे मिटून चाल धरली आणि कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी एक. खोटं कशाला बोलू, मीही ओठ चावले. ग्रान्या अडखळली, पुन्हा सुरुवातीपासून म्हणू लागली आणि पुन्हा तिथेच थांबली.

"फिन्टन," ती मला म्हणाली, "पुढचं तूच म्हण."

"अगं, इथे? मावशीसमोर?"

"मग काय करू? आईचे शब्द आठवायला जावं, तर तुझा तो मेला परकरच ओठांवर येतो." तिने पेटीच्या कडेवरून हात फिरवला. "माझी तिन्ही पोरं मी नुसतं हूं हूं करून निजवली रे."