सासऱ्यांचा ग्राइंडर

ग्राइंडरच्या चाकावरचं संरक्षक झाकण, गार्ड, पुन्हा निघालं होतं आणि भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होतं. आदिनाथचं डोकं सणकलं. या आठवड्यातली ही चौथी वेळ. दुसरा कुणी असता, तर सुप्याच्या लोखंडकामाच्या शेडचा सुपरवायझर म्हणून त्याने त्याला केव्हाच घरचा रस्ता दाखवला असता. पण हे त्याचे सासरे होते, आणि त्यांना इथं कामाला लावलंही त्यानेच होतं.

गहिनीनाथ लोखंडी अँगल कापत होते. गॉगल कपाळावर, ठिणग्या थेट सदऱ्यावर. कालच चाक फुटून एक तुकडा त्यांच्या कानाजवळून सणाणत गेला आणि मागच्या पत्र्यात रुतला. दोन बोटं इकडे आला असता तर बायकोला, ज्योतीला काय तोंड दाखवलं असतं, या विचाराने आदिनाथचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. सासऱ्यांनी मात्र लगेच नवं चाक चढवून चहा मागवला होता.

सगळे उपाय करून झाले होते. समजावलं, हात जोडले, ज्योतीकडून फोन करवला. गार्डमुळे चाक कोपऱ्यात पोचत नाही आणि वीस वर्षं आपण असंच कापतोय, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. पण ज्याचा सगळा जन्म शनिशिंगणापुरात गेला, त्याला दहाव्याची काय मातब्बरी! पालथ्या घड्यावर पाणी.

आज मात्र आदिनाथचा तोल सुटला. त्याने ग्राइंडर बंद करून सासऱ्यांच्या हातातून घेतला, गॉगल न लावताच अँगलवर वाकला आणि बटण दाबलं. चाक त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर किंचाळू लागलं.

दुसऱ्याच क्षणी आवाज बंद पडला. गहिनीनाथांनी पिन उपटली होती.

“येड लागलंय का तुमाला? माझ्या लेकीचा तरी इचार करा.”

सांगायचं ते पोचलं, असं आदिनाथला वाटलं. गहिनीनाथांनी खिळ्यावरचं गार्ड काढलं, फुंकर मारून पुसलं, नीट बसवलं, स्क्रू आवळला आणि हलतंय का ते दोनदा पाहिलं. कपाळावरचा गॉगल काढून त्यांनी स्वतः जावयाच्या डोळ्यांवर चढवला. ग्राइंडर त्याच्या हातात दिला. कित्येक दिवसांनी आदिनाथला बरं वाटलं.

मग त्यांनी शेजारच्या टेबलावरचा दुसरा ग्राइंडर उचलला. त्याला गार्ड नव्हतं.

“मामा, आन तुमी?”

“तुमी अकोल्याचे, जावईबापू,” ते लहान मुलाची समजूत काढावी तसे म्हणाले. “तुमच्या घराला दार हाय, कडी हाय. तुमाला लागतंय ह्ये. आमच्या घराला कदी दार पायलंय का तुमी?”

आणि ते अँगलवर वाकले.

डोळ्यांवर गॉगल, हातात गार्ड लावलेला ग्राइंडर, असा आदिनाथ ठिणग्या बघत उभा राहिला. त्याच्यापुढे कापायला काहीच नव्हतं.